मंत्रचळ आणि मेंदूतली वीज

‘त्याला मंत्रचळ लागलाय’ असे आपण सहज म्हणून जातो. बाहेर पडताना कुलूप दोनदा ओढून पाहणारे काका, गॅसचे बटण पुन्हा पुन्हा तपासणारी आजी, दिवसातून चारदा ओटा पुसणारी शेजारीण यांच्याबद्दल हसत हसत वापरला जाणारा हा शब्द. यातली बहुतेक माणसे आजारी नसतात. कुलूप ओढून पाहिले की त्यांचे समाधान होते आणि ती आपल्या कामाला लागतात.

मंत्रचळाच्या खऱ्या आजारात हे समाधानच होत नाही. हात धुतले तरी ते अस्वच्छच आहेत असा विचार मनात येतो. पुन्हा धुतले की क्षणभर बरे वाटते आणि तोच विचार परत येतो. तो विचार निरर्थक आहे हे बहुतेक रुग्णांना पक्के ठाऊक असते. तरीही तो टाळता येत नाही, आणि त्याने सांगितलेली कृती केल्याशिवाय चैन पडत नाही. साबणाने हातांची साले निघतात, आंघोळीला चार-चार तास लागतात, नोकरी सुटते, घरातली माणसे थकून जातात. शंभर माणसांतल्या एक-दोघांना तरी आयुष्यात कधी ना कधी हा आजार होतो. त्यांतल्या बहुतेकांना औषधाने आणि वर्तनोपचाराने आराम पडतो. पण थोडे रुग्ण असे उरतात, की सगळे उपाय करून झाले तरी त्यांचा दिवस मंत्रचळातच जातो.

अशा रुग्णांसाठी गेल्या पाव शतकात एक उपाय पुढे आला आहे. मेंदूत खोलवर बारीक तार बसवायची आणि तिच्यातून सतत विजेची सूक्ष्म स्पंदने सोडायची. याला मेंदूचे खोल उद्दीपन म्हणतात. एका शिक्षक-मेळाव्यात आम्ही हा विषय काढला तेव्हा पहिलाच प्रश्न आला, “म्हणजे विजेने माणसाचे मन बदलायचे?” प्रश्नात भीती होती आणि ती अनाठायी नव्हती. ती कुठून आली, आणि तिला आज काय उत्तर आहे, हे समजायचे तर या उपचाराचा इतिहास पाहायला हवा.

पहिला स्पर्श

मेंदूला विजेने चेतवता येते हे नीट सिद्ध झाले १८७० साली. बर्लिनमध्ये गुस्टाव्ह फ्रिच आणि एडुआर्ड हिट्झिग या दोन तरुण डॉक्टरांनी कुत्र्याच्या मेंदूच्या पृष्ठभागावर विजेचा सौम्य प्रवाह सोडला. एका जागी प्रवाह दिला की विरुद्ध बाजूचा पाय हलायचा, दुसऱ्या जागी दिला की मानेचे स्नायू आखडायचे. मेंदूच्या वेगवेगळ्या भागांना वेगवेगळी कामे असतात, या कल्पनेला त्यामुळे भक्कम आधार मिळाला.

यानंतर चारच वर्षांनी, १८७४ मध्ये, अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात रॉबर्ट्स बार्थोलो या डॉक्टराने हाच प्रयोग माणसावर केला. त्याच्याकडे घरकाम करणारी एक स्त्री उपचाराला आली होती. व्रणामुळे तिच्या कवटीचा भाग झिजून मेंदू उघडा पडला होता. बार्थोलोने त्यात सुया खुपसून वीज सोडली. हातपाय हलले, तसे त्याने प्रवाह वाढवला. तिला झटके आले, ती बेशुद्ध झाली आणि काही दिवसांतच वारली. या प्रयोगात तिचा स्वतःचा कोणताही फायदा नव्हता. डॉक्टरमंडळींनी बार्थोलोवर कडक टीका केली, आणि असा प्रयोग पुन्हा करणे गैर ठरेल हे त्यानेही मान्य केले.

प्रयोग कशासाठी, आणि कोणाच्या भल्यासाठी, हा प्रश्न असा पहिल्याच पावलाला उभा राहिला. पुढची दीडशे वर्षे तो या विषयाची पाठ सोडत नाही.

लिस्बनचा उपाय

१९३५ सालापर्यंत गंभीर मनोविकारांवर खात्रीचा असा उपायच नव्हता. मनोरुग्णालये भरून वाहत होती आणि एकदा आत गेलेला रुग्ण बहुधा तिथेच म्हातारा होई. त्या वर्षी लंडनला मेंदूतज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद झाली. येल विद्यापीठातल्या जॉन फुल्टन आणि कार्लाईल जेकबसन यांनी तिथे दोन चिंपांझींची हकीकत सांगितली. मेंदूच्या पुढच्या भागावर शस्त्रक्रिया केल्यावर त्यांतली एक चिडखोर चिंपांझी शांत झाली होती. श्रोत्यांत पोर्तुगालचे एगास मोनिझ होते.

मेंदूच्या ललाटखंडातल्या चेतातंतूंमध्ये विचार जणू एकाच चाकोरीत अडकून बसतात आणि ते तंतू तोडले तर रुग्ण सुटेल, अशी मोनिझ यांची धारणा होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लिस्बनमध्ये त्यांनी अशी पहिली शस्त्रक्रिया करवून घेतली. संधिवातामुळे त्यांचे स्वतःचे हात वाकडे झाले होते, म्हणून प्रत्यक्ष शस्त्र आल्मेदा लिमा यांनी चालवले. पहिल्या वीस रुग्णांचा अहवाल १९३६ मध्ये आला : सात बरे, सात सुधारलेले, सहा जसेच्या तसे.

शास्त्राच्या विद्यार्थ्याने इथे थांबून विचार करावा. या रुग्णांकडे शस्त्रक्रियेनंतर पाहिले गेले ते फार थोडा काळ. तुलनेसाठी शस्त्रक्रिया न केलेला गट नव्हता. बरे म्हणजे काय, याची मोजपट्टी नव्हती. ज्याने शस्त्रक्रिया सुचवली त्यानेच निकालही दिला होता. आणि शेवटचे म्हणजे, तोडलेले तंतू परत जोडता येत नव्हते.

अमेरिकेत वॉल्टर फ्रीमन आणि जेम्स वॉट्स यांनी १९३६ मध्येच ही शस्त्रक्रिया उचलली आणि ती लोबोटॉमी या नावाने ओळखली जाऊ लागली. १९४६ मध्ये फ्रीमन यांनी तिची झटपट रीत काढली. डोळ्याच्या खोबणीतून, बर्फ फोडण्याच्या टोच्यासारखे हत्यार आत घालायचे, फिरवायचे आणि काढून घ्यायचे. शल्यविशारद नको, शस्त्रक्रियागृह नको. फ्रीमन गाडीने गावोगाव फिरून मनोरुग्णालयांत हे करून दाखवत. त्यांनी एकट्यांनी सुमारे साडेतीन हजार शस्त्रक्रिया केल्या. अमेरिकेतला एकूण आकडा चाळीस हजारांच्या घरात जातो. काही रुग्ण घरी परतले हे खरे, पण कितीतरी जणांची उमेद, भावना, पुढचा विचार करण्याची शक्ती कायमची गेली. काही दगावले.

१९४९ साली मोनिझ यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९५० मध्ये सोव्हिएत संघाने याच शस्त्रक्रियेवर बंदी घातली. त्यानंतर थोड्याच वर्षांत क्लोरप्रोमॅझिन हे मनोविकारावरचे पहिले प्रभावी औषध आले आणि लोबोटॉमी मागे पडली. आजच्या माणसाच्या मनात ‘मनोविकारासाठी मेंदूची शस्त्रक्रिया’ म्हटले की जे चित्र येते, ते बहुतांशी या पंधरा-वीस वर्षांनी काढलेले आहे.

नेमकेपणाचा शोध

लोबोटॉमीने होणारी हानी पाहून अस्वस्थ झालेले संशोधकही होते. फिलाडेल्फियातले अर्न्स्ट श्पीगेल आणि हेन्री वायसिस यांनी १९४७ मध्ये माणसाच्या डोक्यावर बसवायची एक चौकट तयार केली. प्राण्यांसाठी अशी चौकट लंडनमध्ये हॉर्सली आणि क्लार्क यांनी १९०८ मध्येच वापरली होती.

तिच्यामागचे तत्त्व आपण नववी-दहावीच्या वर्गात शिकवतो तेच आहे. अवकाशातला कोणताही बिंदू तीन सहनिर्देशकांनी निश्चित होतो. डोके चौकटीत पक्के बसवले, क्ष-किरणांनी मेंदूच्या आतल्या खुणा पाहिल्या, की हव्या त्या बिंदूचे तीन आकडे काढता येतात आणि कवटीला लहानसे छिद्र पाडून सुई थेट तिथे नेता येते. वाटेतल्या भागाला इजा अगदी कमी होते. पूर्वी अंदाजाने फिरणाऱ्या हत्याराच्या जागी मिलिमीटरमध्ये मोजलेले लक्ष्य आले.

या तंत्राने पॅरिसमध्ये जाँ तालेराक आणि स्टॉकहोममध्ये लार्स लेक्सेल यांनी १९४९ च्या सुमारास एक छोटे लक्ष्य निवडले. ललाटखंड आणि मेंदूच्या मध्यभागातला थॅलॅमस यांना जोडणारे तंतू इंटर्नल कॅप्सूल नावाच्या पट्ट्यातून जातात. या पट्ट्याच्या पुढच्या भागात काही मिलिमीटरची जखम केली, तर चिंता आणि मंत्रचळ कमी होतात असे त्यांना दिसले. हे लक्ष्य लक्षात ठेवावे, पन्नास वर्षांनी ते पुन्हा आपल्यासमोर येणार आहे.

आपल्या देशातही हे तंत्र लवकर पोहोचले. मद्रासमध्ये बी. राममूर्ती, व्ही. बालसुब्रमण्यम आणि टी. एस. कनका यांनी १९६० च्या दशकात चौकटीच्या साहाय्याने अनेक शस्त्रक्रिया केल्या. अतिशय हिंसक किंवा अनावर रुग्णांना, त्यांत मुलेही होती, शांत करण्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियांना त्यांनी ‘शामक मेंदू-शस्त्रक्रिया’ असे नाव दिले होते. हात कुशल होते, हेतू कुटुंबाला दिलासा देण्याचा होता. पण आज वाचताना प्रश्न पडतो, की ‘शांत झाला’ हे कोणाच्या दृष्टीने? रुग्णाच्या, की त्याला सांभाळणाऱ्यांच्या?

याच काळात जखम न करता केवळ वीज देण्याचे प्रयोगही चालू होते. न्यू ऑर्लिन्समध्ये रॉबर्ट हीथ यांनी १९५० पासून मनोरुग्णांच्या मेंदूत विद्युत्-अग्रे बसवली. १९७२ मध्ये त्यांनी एका तरुणाचे समलिंगी आकर्षण अशा उद्दीपनाने ‘बदलण्याचा’ प्रयोग प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढून टाकली. तार तीच होती, वीज तीच होती. ज्याला आजार समजून तार बसवली, तो आजारच नव्हता.

या सगळ्याचा परिणाम म्हणून अमेरिकेत एका राष्ट्रीय आयोगाने अशा शस्त्रक्रियांची चौकशी केली. १९७७ मध्ये आयोगाने संपूर्ण बंदी सुचवली नाही, कारण काही रुग्णांना खरोखर लाभ झालेला दिसला. पण स्वतंत्र तपासणी आणि रुग्णाची जाणती संमती यांशिवाय अशी शस्त्रक्रिया होऊ नये असे सांगितले. लोकांचा विश्वास मात्र उडाला होता. पुढची वीस वर्षे हा विषय जवळजवळ अडगळीत पडला.

मंत्रचळाचे वर्तुळ

दरम्यान मंत्रचळाविषयीची समज दुसऱ्या वाटेने वाढत होती. १९६६ मध्ये लंडनला व्हिक्टर मेयर यांनी एक साधा पण अवघड उपचार मांडला. ज्या गोष्टीची भीती आहे तिला रुग्णाने मुद्दाम सामोरे जायचे आणि नंतरची कृती करायची नाही. घाणीला हात लावायचा, पण धुवायचा नाही. सुरुवातीला चिंता शिगेला पोहोचते, पण काही वेळाने ती आपोआप उतरते, आणि हे पुन्हा पुन्हा घडले की मेंदू नवे काही शिकतो. त्याच सुमारास क्लोमिप्रामिन हे नैराश्यावरचे औषध मंत्रचळावरही चालते असे दिसून आले. आजही हेच दोन पहिले उपचार आहेत. क्लोमिप्रामिनच्या जोडीला त्याच दिशेने काम करणारी, अधिक सुसह्य औषधे आली आहेत.

१९८० च्या दशकात जिवंत माणसाच्या मेंदूतला साखरेचा वापर चित्ररूपाने पाहता येऊ लागला. लॉस एंजेलिसच्या ल्युइस बॅक्स्टर यांना मंत्रचळाच्या रुग्णांत डोळ्यांच्या वरचा ललाटखंडाचा भाग आणि मेंदूच्या खोल गाभ्यातला कॉडेट नावाचा पुंजका जास्त तापलेला दिसला. १९९२ मध्ये त्यांनी आणखी महत्त्वाची गोष्ट दाखवली. उपचाराने बरे झालेल्या रुग्णांत कॉडेटचे काम कमी झाले होते, मग तो उपचार औषधाचा असो वा वर्तनाचा. नुसत्या सरावाने मेंदूत मोजता येईल असा बदल होतो, ही गोष्ट शिक्षकांना तरी नवी वाटू नये. दररोज आपण तेच करत असतो.

१९८६ मध्ये गॅरेट अलेक्झांडर, महलोन डीलाँग आणि पीटर स्ट्रिक यांनी या भागांतली जोडणी वर्तुळांच्या रूपात मांडली. ललाटखंडाकडून संदेश खालच्या पुंजक्यांकडे जातो, तिथून थॅलॅमसकडे आणि थॅलॅमसकडून परत ललाटखंडाकडे. अशी अनेक वर्तुळे समांतर चालतात : हालचालीसाठी एक, विचारासाठी दुसरे, भावनेसाठी तिसरे. ‘काहीतरी चुकले आहे’ असा इशारा अशाच एका वर्तुळात येतो, काम झाले की विरतो. मंत्रचळात तो विरत नाही, फिरतच राहतो, असे समजले तर रुग्णाचा अनुभव पुष्कळसा उलगडतो. हे चित्र ढोबळ आहे, तरी उपयोगी ठरले.

ग्रनोब्लची संधी

आता फ्रान्समधल्या ग्रनोब्ल गावी जाऊ. आलिम-लुई बेनाबीद हे तिथे हात थरथरणाऱ्या रुग्णांवर शस्त्रक्रिया करत. थॅलॅमसमधला एक लहान बिंदू तापवून नष्ट केला की कंप थांबतो, हे आधीच माहीत होते. बिंदू बरोबर आहे ना हे पाहण्यासाठी, जाळण्याआधी, तिथे वीज देऊन चाचणी घेत. मेंदूच्या ऊतीला स्वतःला वेदना नसतात, त्यामुळे रुग्ण या वेळी जागा असतो आणि बोलू शकतो.

चाचणीत बेनाबीद यांनी स्पंदनांची वारंवारता बदलून पाहिली. सेकंदाला शंभरच्या आसपास स्पंदने दिली की कंप थांबे, वीज बंद केली की परत येई. मग बिंदू जाळायचाच कशाला? तार तिथेच ठेवावी आणि वीज चालू ठेवावी. १९८७ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. लागणारे यंत्र जवळजवळ तयारच होते, कारण हृदयाचा पेसमेकर १९५८ पासून माणसाच्या शरीरात बसवला जात होता. कॉलरबोनच्या खाली कातडीआड एक छोटी डबी, तिच्यात बॅटरी आणि स्पंदने निर्माण करणारे मंडल. तिथून मानेच्या कातडीखालून डोक्यापर्यंत तार. आणि मेंदूत सव्वा मिलिमीटर जाडीचे विद्युत्-अग्र. त्याच्या टोकाशी बहुधा चार संपर्कबिंदू असतात. कोणता बिंदू, किती दाब, किती स्पंदने, हे डॉक्टर बाहेरून ठरवू आणि बदलू शकतात.

अमेरिकेत १९९७ मध्ये कंपासाठी आणि २००२ मध्ये पार्किन्सनच्या आजारासाठी या उपचाराला मान्यता मिळाली. जगभरात लाखाहून अधिक लोकांना अशा तारा बसवल्या गेल्या आहेत. बेनाबीद आणि डीलाँग यांना २०१४ साली लास्कर पुरस्कार मिळाला.

लूवेनचे चार रुग्ण

बेल्जियममधल्या लूवेन विद्यापीठातले बार्ट न्यूटिन आणि त्यांचे सहकारी मंत्रचळाच्या असाध्य रुग्णांवर विचार करत होते. इंटर्नल कॅप्सूलमध्ये जखम केल्याने काही रुग्णांना गुण येतो हे तालेराक आणि लेक्सेल यांच्यापासून माहीत होते. बेनाबीद यांनी दाखवले होते की जखमेऐवजी वीज चालते. या दोन गोष्टी जोडल्या तर? न्यूटिन यांनी त्याच जुन्या लक्ष्यात, दोन्ही बाजूंना, तारा बसवल्या. १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यांचा छोटासा लेख आला. चार रुग्णांपैकी तिघांना लाभ झाला होता.

मोनिझ यांच्या वीस रुग्णांच्या मानाने चार ही संख्या फारच लहान. तरीही या दोन प्रयोगांत एक मूलभूत फरक होता. लूवेनच्या यंत्राला बटण होते. वीज बंद केली की रुग्ण पहिल्या स्थितीकडे येऊ लागे. त्यामुळे एकाच रुग्णाची वीज चालू असतानाची आणि बंद असतानाची स्थिती यांची तुलना करता येत होती, आणि वीज चालू आहे की बंद हे रुग्णाला व तपासणाऱ्याला न सांगता करता येत होती. उपचारावरच्या नुसत्या विश्वासाने किती बरे वाटते आणि विजेने किती, हे वेगळे काढण्याची वाट मोकळी झाली.

शिवाय आता मोजपट्टी होती. येल-ब्राऊन पट्टीत दहा प्रश्नांना प्रत्येकी ० ते ४ असे एकूण ४० गुण असतात. जितके गुण जास्त, तितका आजार गंभीर. ती १९८९ मध्ये प्रसिद्ध झाली. गुण निदान ३५ टक्क्यांनी उतरले तर उपचाराला प्रतिसाद मिळाला, असा संकेत या क्षेत्रात रूढ झाला.

परीक्षा

२००२ मध्ये पॅरिसचे ल्युक माले यांनी दोन रुग्णांची हकीकत दिली. त्यांना पार्किन्सनसाठी तारा बसवल्या होत्या, आणि पूर्वीपासून असलेला त्यांचा मंत्रचळही काही आठवड्यांत ओसरला. त्यावरून फ्रान्समध्ये १६ मंत्रचळाच्या रुग्णांवर रीतसर चाचणी झाली आणि २००८ मध्ये तिचा निकाल आला. प्रत्येकाला तीन महिने खरी वीज आणि तीन महिने लटकी, म्हणजे यंत्र आत आहे पण बंद, असे दिले गेले. कोणाला आधी काय मिळेल हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरले. लटक्या काळाच्या शेवटी सरासरी गुण २८ होते, खऱ्या काळाच्या शेवटी १९. फरक विजेचाच होता.

पण त्याच लेखात दुसरी बाजूही होती. ११ रुग्णांत मिळून १५ गंभीर अपाय नोंदले गेले होते. एकाच्या मेंदूत रक्तस्राव झाला, दोघांना जंतुसंसर्ग झाला. हे आकडे लपवलेले नाहीत, लेखाच्या सारांशातच दिलेले आहेत.

२०१० मध्ये ॲम्स्टरडॅमच्या डॅमिआन डेनिस यांनी न्यूक्लिअस अक्युम्बेन्स या वेगळ्या लक्ष्यावर १६ रुग्णांचा अनुभव मांडला. आठ महिन्यांत गुण सरासरी ४६ टक्क्यांनी उतरले, पण प्रतिसाद देणारे रुग्ण होते नऊ. उरलेल्या सातांना पुरेसा गुण आला नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात ३१ अभ्यासांतल्या ११६ रुग्णांची माहिती एकत्र केली, तेव्हा सरासरी घट सुमारे ४५ टक्के आणि प्रतिसाद ६० टक्के रुग्णांत दिसला. ज्यांच्यावर सगळे उपाय हरले होते अशा रुग्णांसाठी हे मोठेच आहे. तरी दहातल्या चौघांना डोक्याला छिद्र पाडूनही पुरेसा लाभ झाला नाही, हेही त्याच आकड्यात आहे. ४५ टक्के घट म्हणजे आजार संपला असेही नव्हे. दिवसाचे आठ तास खाणारा मंत्रचळ काही तासांवर आला, माणूस घराबाहेर पडू लागला, असा त्याचा अर्थ.

वीज सुरू केल्यावर आधी मन हलके होते, काही वेळा मिनिटांतच. चिंता त्यानंतर उतरते. हात धुण्यासारख्या कृती मात्र सर्वांत शेवटी कमी होतात, त्याला आठवडे-महिने लागतात. वर्षानुवर्षांची सवय आपोआप जात नाही. म्हणूनच वीज चालू झाल्यावर मेयर यांचा जुना वर्तनोपचार पुन्हा करावा लागतो. आधी जो उपचार रुग्णाला असह्य होता तो आता झेपतो. यंत्राने दार किलकिले होते, पण चालावे रुग्णालाच लागते.

आपण कोण आहोत?

२००९ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मंत्रचळासाठी या यंत्राला खास सवलतीची परवानगी दिली. ती विरळा रुग्णांसाठी असते आणि तिच्यात उपकरण परिणामकारक असल्याचा नेहमीइतका कडक पुरावा मागितला जात नाही. २०११ मध्ये काही नामवंत संशोधकांनी याच क्षेत्रातून तक्रार केली, की अशी पळवाट दिल्यास मोठ्या चाचण्या होणारच नाहीत आणि खरे ज्ञान खुंटेल. उपचार लवकर पोहोचावा आणि पुरावाही पक्का असावा, या दोन रास्त मागण्यांतली ही ओढाताण आहे.

दुसरा प्रश्न अधिक खोल आहे. नेदरलँड्समधल्या एका रुग्णाची हकीकत २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. साठीच्या जवळ आलेल्या या गृहस्थांचा मंत्रचळ विजेने कमी झाला, पण त्याबरोबर अमेरिकी गायक जॉनी कॅश यांच्या गाण्यांची त्यांना विलक्षण गोडी लागली. पूर्वी त्यांना संगीताचे विशेष वेड नव्हते. बॅटरी उतरली की ती गोडीही जाई. ही गोष्ट ऐकून हसू येते, आणि मग प्रश्न पडतो. ती आवड कोणाची, माणसाची की यंत्राची? काही रुग्णांत वीज वाढवल्यावर अवाजवी उत्साह आला, काही बेफिकीर झाले, आणि प्रवाह कमी केल्यावर पूर्ववत झाले. उलट अनेक रुग्ण म्हणतात, की आजारानेच आम्हाला आमच्यापासून तोडले होते, आता आम्ही पुन्हा आमचे झालो. दोन्ही अनुभव खरे आहेत.

म्हणून संमतीला महत्त्व आहे. न्यूटिन आणि अनेक देशांतले तज्ज्ञ यांनी २०१४ मध्ये एकत्र येऊन मार्गदर्शक तत्त्वे मांडली. त्यांत स्पष्ट म्हटले आहे, की मनोविकारावरची शस्त्रक्रिया राजकीय, सामाजिक वा पोलिसी हेतूने कधीही वापरू नये. आपल्याकडच्या मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये कलम ९६ आहे. त्यानुसार रुग्णाची स्वतःची जाणती संमती आणि संबंधित मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाची मान्यता या दोन्ही असल्याशिवाय मनोविकारासाठी मेंदूची शस्त्रक्रिया करता येत नाही. बार्थोलोच्या त्या रुग्ण स्त्रीपासून मद्रासच्या मुलांपर्यंत ज्यांना कोणी नीट विचारले नव्हते, त्यांची आठवण अशा कलमांत असते, असे आम्हाला वाटते.

वर्गात

वीज नेमके काय करते, याविषयी अजून मतभेद आहेत. पूर्वी वाटे की वीज तो भाग बधिर करते, जणू तात्पुरती जखमच. आता असे मानतात, की फिरत राहिलेल्या वर्तुळाच्या बिघडलेल्या तालात ती खंड पाडते. २०२० मध्ये बर्लिनच्या संशोधकांनी चार ठिकाणच्या ५० रुग्णांची तुलना केली. तारा वेगवेगळ्या लक्ष्यांवर असल्या, तरी ज्यांना गुण आला त्यांच्या तारा तंतूंच्या एकाच गुच्छाशी जोडलेल्या होत्या. म्हणजे महत्त्व एखाद्या बिंदूला नसून वाटेला असावे.

शिक्षक-मेळाव्यातल्या त्या प्रश्नाकडे परत येऊ. विजेने माणसाचे मन बदलता येते का? थोड्या माणसांत, थोडे, आणि धोका पत्करून. ते कसे बदलले, किती बदलले, हे आज तपासता येते आणि नको असेल तर यंत्र बंद करता येते. लिस्बनच्या रुग्णांना ती सोय नव्हती. हा फरक यंत्राइतकाच, चुकांतून शिकून घातलेल्या नियमांचाही आहे.

आणि शेवटी एक गोष्ट, जी या सगळ्या यंत्रांच्या फार आधी येते. मंत्रचळ पुष्कळदा शाळेच्या वयातच सुरू होतो आणि योग्य उपचार मिळेपर्यंत वर्षे निघून जातात. आपल्या वर्गात एखादा मुलगा असेल, जो एकच ओळ पुसून पुसून कागद फाडतो. एखादी मुलगी असेल, जी परीक्षेत पहिल्याच प्रश्नावर अडकते कारण अक्षर ‘बरोबर’ येत नाही, किंवा मधल्या सुट्टीनंतर नळाशीच उभी राहते. तिला हट्टी किंवा आळशी म्हणून शिक्षा करण्याआधी एकदा जवळ बसवून विचारावे, “तुला हे थांबवावेसे वाटते, पण थांबवता येत नाही, असे होते का?” उत्तर ‘हो’ आले, तर तिच्या आईवडिलांशी बोलावे आणि मनोविकारतज्ज्ञाकडे जायला सांगावे. या वयात औषध आणि वर्तनोपचार बहुतेकांना पुरे पडतात. वेळेवर तेवढे झाले, तर तिच्यावर मेंदूत तार बसवण्याची वेळ बहुधा कधीच येणार नाही.